सातवर

आधी गुलाबी गोंगाट सोडला.
नाव एवढं गोड, ऐकायला मात्र
पत्र्यावर कुणी न थांबता वाळू ओतत राहावी तसा.
डाव्या स्पीकरमधून, मग उजव्या, मग मधल्या.
जिथे माझं डोकं असतं तिथे
खुर्चीवर दोन उशा, उशांवर मीटर.
थिएटरात पंच्याऐंशी लागतात.
दांडिया बाजारातल्या दहा बाय अकराच्या खोलीत
पंच्याऐंशी म्हणजे भांडण.
एकोणऐंशीवर थांबले,
नॉबला पांढरी पट्टी चिकटवली, पेनाने रेघ ओढली
आणि स्वतःलाच बजावलं, आता याला हात लावायचा नाही.
कमी वाटलं तर ते फिल्ममध्येच कमी आहे,
जास्त वाटलं तर तेही तिथलंच.

खालच्या मजल्यावरून पद्माकर मोहित्यांनी
काठीने दोनदा छत ठोठावलं.
मीटरवर तेही दिसलं.

सतरा मिनिटांची फिल्म.
विश्वामित्रीतल्या मगरी,
आणि होस्टेलच्या गटारातून, कुणाच्या तुळशीमागून
डोळ्यांवर गोणपाट टाकून
त्यांना नदीत परत नेणारे धैर्यशील शितोळे.
नवव्या मिनिटाला काहीच होत नाही.
रात्र. टॉर्च विझवलेला.
शितोळे म्हणतात, "श्शू",
आणि सिमेंटच्या पाइपातून मगर श्वास सोडते.
एकदाच.

फोनसाठी केली होती तेव्हा
हा श्वास ओढून बोलण्याच्या बरोबरीला आणला होता.
रिक्षा, शितोळे, मगर, सगळे एका उंचीचे,
शाळेच्या ग्रुप फोटोत बुटक्यांना विटेवर उभं करतात तसे.
मगर पंक्चरवाल्याच्या पंपासारखी वाजायची.
आता तो खाली नेला,
अजून खाली,
मीटरची हिरवी पट्टी तळाशी नुसती लुकलुकेपर्यंत.
पंखा बंद केला तरच ऐकू येई.
मे महिना होता.
पंखा बंद केला.

सकाळी नऊला न्यायमंदिरामागच्या थिएटरात टेस्ट.
मफतभाई केबिनमध्ये शेव-उसळ खात होते.
काटा साडेचारवर.
सातवर लावाल का, मी विचारलं.
"सात पर कोई वगाडतुं नथी, बेन."
जाहिराती ओरडतात म्हणून लोक येऊन त्यांना ओरडतात,
लोक ओरडतात म्हणून ते काटा खाली आणतात,
काटा खाली म्हणून पुढची जाहिरात जास्त ओरडते.
हे त्यांनी उसळीचा रस्सा पुसत पुसत सांगितलं,
एखाद्या घरातल्या जुन्या वादासारखं,
ज्यात आपली बाजू कुठली तेही आता आठवत नाही.
मी म्हटलं, माझी ओरडत नाही.
"बद्धा एम ज कहे छे."
पण बोटं धुऊन आले आणि सात केलं.

रिकाम्या थिएटरात रेवाबेन झाडू मारत होत्या.
त्यांना पडद्याचं काही पडलं नव्हतं.
नववं मिनिट. श्शू.
झाडू थांबला.
रेवाबेन हळूच वाकल्या
आणि त्यांनी खुर्चीखाली पाहिलं.

मफतभाई काही बोलले नाहीत.
खडूने सातच्या आकड्याशी रेघ मारली.

संध्याकाळी साठ-सत्तर माणसं.
पहिल्याच मिनिटात कळलं,
शितोळ्यांचा आवाज हातभर मागे सरकलाय.
साडेपाच असणार. फार तर पावणेसहा.
मागे वळून पाहिलं, केबिनच्या काचेत
फक्त माझ्याच पडद्याचा निळा उजेड.
खडूची रेघ असेल तिथेच. काटा नसेल.
आठव्या मिनिटाला पाचव्या रांगेत
कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं.
मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात
नॉब असल्यासारखा पिळत होते.
काचेत मफतभाई उठलेले दिसले,
का उठले कोण जाणे,
तेवढ्यात शितोळे म्हणाले, "श्शू",
आणि वेफर्सवाल्याचा हात
पाकिटात राहिला.